माल कमी आला, पण पंधरा दिवसांत लेखी कळवलं का?

प्रश्न : १,००० किलो तांब्याच्या तारेची पीओ (खरेदीची ऑर्डर) होती. मालासोबतचं डिलिव्हरी चलन आणि बिल १,०००चं, वजनकाट्यावर भरली ९६२. स्टोअरकीपरने ‘पूर्ण माल प्राप्त’चं बटण दाबल्यामुळे जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) १,०००ची झाली. सहाव्या दिवशी सॉफ्टवेअरमध्ये ३८ किलोची तफावत नोंदवली. आज २३ दिवस झाले, ३०० किलो वापरली. पुरवठादार ‘उद्यम’ या सरकारी पोर्टलवर नोंदलेला लघुउद्योग आहे, पूर्ण बिल आणि व्याज मागतो. पीओवर ६० दिवसांची मुदत आहे. पेमेंट अडवू की माल परत करू?

उत्तर : तफावत तुम्ही स्वतःच्याच सॉफ्टवेअरमध्ये लिहून ठेवलीत. पुरवठादाराला ती दिसत नाही, म्हणून कायदा तिला ‘हरकत घेतली’ असं धरत नाही. असं पत्र वारंवार येतं आणि प्रत्येकात मधले दिवस असेच वाया गेलेले असतात.

सगळं अडतं ते सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६च्या कलम २(ब)पाशी. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं धरतात. म्हणून आधी वाहतूकदाराकडची चलनाची प्रत शोधा. तिच्यावर ‘३८ किलो कमी’ असा शेरा आणि ड्रायव्हरची सही आहे का? स्टोअरकीपरने काटापावतीचा फोटो त्या १५ दिवसांत पुरवठादाराच्या माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता का? इलेक्ट्रॉनिक मजकूरही लेखी धरता येतो. यातलं एक जरी सापडलं तरी तुमची बाजू बदलते.

काहीच सापडलं नाही, तर ३८ किलोचा वाद संपला असं मी म्हणणार नाही, पण तो सिद्ध करणं अवघड जाईल, कारण समोरचा तुमचीच जीआरएन पुढे करेल. पैशांची मुदत मात्र माल आला त्या दिवसापासून चालू आहे. ६० दिवसांचा करार असला तरी कलम १५ प्रमाणे ४५ दिवसांपलीकडे जाता येत नाही. म्हणजे तुमच्याकडे २२ दिवस आहेत आणि आजची व्याजाची मागणी अकाली आहे. मुदत चुकली, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. पुरवठादार नुसता व्यापारी असेल, तर या कायद्याचा फायदा त्याला बहुधा मिळणार नाही. उद्यम प्रमाणपत्रावर व्यवसाय काय लिहिलाय ते पाहा.

सगळं पेमेंट अडवू नका. ९६२ किलोचे पैसे मुदतीत भरा, ३८ किलोची हरकत आजच ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा, सोबत काटापावती जोडा. माल परत करण्याचं विसरा. मालविक्री अधिनियम, १९३०च्या कलम ३७ प्रमाणे कमी आलेला माल पूर्ण नाकारता आला असता, पण ३०० किलो वापरल्यावर तो स्वीकारलाच. आलेल्या मालाचे पैसे कराराच्या दराने द्यावेच लागतील.

प्रकरण लघुउद्योगांच्या थकीत पैशांचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेत गेलं, तर कायद्यात निकालाला ९० दिवस आहेत. प्रत्यक्षात ते क्वचितच पाळले जातात, आणि तोवर व्याज चढतच असतं. निवाडा विरोधात गेला, तर त्याला आव्हान देण्याआधी खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

जुनी जीआरएन खोडू नका, मागच्या तारखेने तर मुळीच नाही. कंपनी असाल, तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद बंद करता येत नाही आणि ती खाडाखोड तिथे दिसेल. आजच्या तारखेने रिव्हर्स (उलट नोंद) करा, कारण लिहा, ९६२ची नवी जीआरएन करा, पीओची ओळ ‘डिलिव्हरी पूर्ण’ झाली असेल तर उघडा. न आलेल्या मालावरच्या जीएसटीचं क्रेडिट (कराची वजावट) घेतलं असेल, तर ते उलटवा आणि पुरवठादाराकडून क्रेडिट नोट (बिल तेवढं कमी केल्याचा कागद) मागा.

सॉफ्टवेअरमध्ये ५ टक्के टॉलरन्स (कमी-जास्त मालाची चालणारी मर्यादा) ठेवला असेल, तर तो करार नव्हे. तो पीओवर छापलेला नसेल, तर पुरवठादाराला बांधत नाही. असला, तरी ‘पैसे प्रत्यक्ष वजनाप्रमाणे’ हे वाक्य सोबत हवंच. प्राप्त नगाचा रकाना आपोआप भरणं बंद करा, काटापावती क्रमांक सक्तीचा करा, आणि तफावत पडताच पुरवठादाराला त्याच दिवशी ईमेल जाईल अशी व्यवस्था बसवा. त्या ईमेलची प्रत जपा; कोर्टात दाखवायला भारतीय साक्ष अधिनियम, २०२३च्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागेल.