चीनमध्ये राहायला गेल्यावर संध्याकाळी करमतं का? चिनी लोक घरी बोलावतात का?

बोलावतात. ‘चिनी माणूस उंबऱ्याच्या आत घेत नाही’ असं तुम्हाला ज्यांनी सांगितलं, त्यांनी स्वतः किती चिनी माणसांना घरी जेवायला बोलावलं होतं, ते आधी विचारा.

आम्ही पूर्व चीनमधल्या शाओशिंग शहराच्या केछ्याओ भागात राहतो. कापडाचा मोठा बाजार, त्यामुळे भारतीय पुष्कळ. माझ्या थोरल्या जाऊबाईही इथे राहून गेल्या. त्यांची प्रत्येक संध्याकाळ आपल्याच चार घरांत, तेच पत्ते, तीच पावभाजी. परत गेल्यावर सगळ्या नातेवाइकांत सांगत सुटल्या, की तिथली माणसं कोरडी आहेत. मला ते अजून लागतं.

समोरच्या दारातल्या आजी जेवण उरकून रोज खालच्या चौकात नाचायला जायच्या. स्पीकर लावून बायका रांगेत नाचतात, तसं. मी मागच्या रांगेत उभी राहायला लागले. पुढे आजींनीच घरी जेवायला बोलावलं. आम्ही शाकाहारी, म्हणून त्यांनी कढई पुन्हा घासून घेतली, डुकराच्या चरबीचा अंश राहू नये म्हणून. टोफू, कमळकाकडी, बांबूचे कोंब, सगळं आमच्यासाठी वेगळं रांधलं. त्यांच्या मुलाने शाओशिंगची तांदळाची दारू कोमट करून आणली. माझा नवरा घेत नाही, त्याने चहाचा पेला उचलला, मान म्हणून आजींच्या पेल्याहून जरा खाली धरून टेकवला. कोणी आग्रह केला नाही. मग रात्री उशिरापर्यंत माजाँग, म्हणजे सोंगट्यांचा चिनी खेळ, चालला. दिवाळीला ते सगळे आमच्याकडे आले. लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड सारण ते खातातच, त्यामुळे पुरणपोळी त्यांना पहिल्या घासालाच आवडली. ही माणसं कोरडी?

तुम्ही पहिल्याच आठवड्यात भारतीयांचा गट शोधू नका. शेजारी शोधा. मोडकी का होईना, चिनी बोला. त्याशिवाय यातलं काही घडणार नाही.

हां, धंद्याच्या जेवणावळी वेगळ्या. तिथे बायज्यो, म्हणजे धान्याची कडक दारू असते, बहुतेक वेळा पन्नास टक्क्यांच्या वरची, आणि आग्रहही होतो. ‘गाडी चालवायची आहे’ म्हणा. 2011 पासून तिथे दारू पिऊन गाडी चालवणं फौजदारी गुन्हा आहे, त्यामुळे सहसा कोणी ताणत नाही. शांघायसारख्या शहरात घरं लहान, तिथे बऱ्याचदा हॉटेलातच जेवायला नेतात. तो अपमान समजू नका.

जाताना फळं न्या, घड्याळ नको, ते अशुभ मानतात. आणि सहाला बोलावलं असेल तर सहालाच पोचा.