सर्व्हरची १६ जीबी रॅम सतत भरलेली दिसते, आणखी रॅम टाकावी का?

आत्ता टाकू नका. तुम्ही लिहिलंय की गिरगावातल्या तुमच्या पतपेढीच्या उबुंटू (म्हणजे लिनक्स) सर्व्हरवर ‘फ्री’ कमांड चालवली की मोकळी मेमरी जेमतेम साडेतीनशे एमबी दिसते, आणि सॉफ्टवेअरवाले आणखी १६ जीबी टाका म्हणतात. पण तुम्ही चिकटवलेल्या त्याच ओळीत शेवटचा रकाना ‘अव्हेलेबल’चा आहे आणि तिथे ८.९ जीबी आहेत. निम्म्याहून जास्त रॅम हाताशी असताना सभासदांचे पैसे त्यात घालू नयेत, असं मला अगदी मनापासून वाटतं.

लिनक्स रॅम रिकामी पडू देत नाही. डिस्कवरून एकदा वाचलेल्या फाइली तो रॅममध्येच ठेवतो, म्हणजे पुन्हा लागल्या तर डिस्कपर्यंत जावं लागत नाही. ‘बफ/कॅश’मधले तुमचे ९.३ जीबी बहुतेक हेच. लोकलमध्ये शेजारच्या सीटवर ठेवलेली पिशवी कोणी बसायला आलं की लगेच मांडीवर घेतात, तसंच. पूर्वी लोक फ्री आणि कॅशची बेरीज करून अंदाज बांधायचे. तो फसायचा, कारण टीएमपीएफएस (रॅममध्येच ठेवलेल्या तात्पुरत्या फाइली) आणि शेअर्ड मेमरी (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती) सुद्धा कॅशमध्येच मोजली जाते आणि ती अशी सोडून देता येत नाही. २०१४ साली कर्नल (लिनक्सचा गाभा) ३.१४ मध्ये ‘मेमअव्हेलेबल’ आलं तेव्हापासून कर्नलच सांगतो की स्वॅपला (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) हात न लावता नव्या प्रोग्रामला साधारण किती मेमरी देता येईल. तुम्ही बघायचा आकडा तो.

तरी एका दुपारच्या आकड्यावर विसंबून राहू नका. पतपेढीच्या सर्व्हरचा कस लागतो तो महिनाअखेरीला, आणि ३१ मार्चला व्याजाची आकारणी चालू असताना. त्या वेळचे आकडे हवेत, आणि त्यासाठी तुम्ही तिथे बसून राहायची गरज नाही. सर्व्हरच्या वापराच्या नोंदी ठेवणारं सिसस्टॅट पॅकेज टाका. उबुंटूवर ते नुसतं टाकून भागत नाही, सेटिंगच्या फाइलमध्ये नोंदी घेणं चालू करावं लागतं. नोंदी महिनाभर राहतील असंही करून ठेवा, ते सेटिंग वेगळ्या फाइलमध्ये असतं. मग दर दहा मिनिटांनी नोंद होत जाते आणि ‘सार’ कमांडने मागच्या कुठल्याही दिवसाची मेमरी आणि स्वॅप बघता येतो.

स्वॅपमध्ये काहीशे एमबी पडलेले दिसले तर घाबरू नका. बराच वेळ कोणी न विचारलेली मेमरीची पानं (छोटे तुकडे) तिकडे जातात आणि पडून राहतात. त्रास असतो तो सततच्या ये-जा करण्यात. काम जोरात असताना ‘व्हीएमस्टॅट ५’ चालवा आणि ‘एसआय’ (स्वॅपमधून रॅममध्ये येणारं), ‘एसओ’ (रॅममधून स्वॅपमध्ये जाणारं) हे दोन रकाने बघा. पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढच्या ओळींत शून्यं येत असतील तर रॅम पुरतेय. आकडे सतत हलत असतील आणि काउंटरवरची माणसं स्क्रीनकडे बघत ताटकळत असतील, तर रॅम खरंच कमी पडतेय. कर्नल लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ असा शेरा आहे का तेही शोधा. मेमरी अगदीच संपली की कर्नल एखादी प्रक्रिया मारून टाकतो, आणि सगळ्यांत जास्त मेमरी धरून बसलेला डेटाबेसच बहुतेक वेळा त्यात जातो.

आता सॉफ्टवेअरवाल्यांना विचारायचा प्रश्न: मायएसक्यूएल डेटाबेसचा इनोडीबी बफर पूल, म्हणजे वाचलेला डेटा हाताशी ठेवायची त्याची रॅममधली जागा, किती ठेवलाय? मूळ सेटिंगमध्ये तो फक्त १२८ एमबी असतो. कोणी तो बदललाच नसेल, तर तुम्ही ३२ जीबी केले काय आणि ६४ केले काय, डेटाबेस आपल्या पूलसाठी त्यातलं काही घेणार नाही. आहे त्याच रॅममध्ये तो चार-पाच जीबी करून बघा. अव्हेलेबल तेवढाच खाली येईल आणि रिपोर्ट लवकर निघायला लागतील अशी चांगली शक्यता आहे. हे काम फुकटात होतं, म्हणून आधी हे.

आणखी एक शक्यता असते. मी अंधेरीला एका पॅथॉलॉजी लॅबचे सर्व्हर बघतो. तिथे रिपोर्ट छापणारी एक सर्व्हिस रोज थोडी थोडी मेमरी जास्त धरत जायची आणि रीस्टार्ट केल्याशिवाय सोडायची नाही. सारच्या नोंदींत तशी चढती रेघ दिसली तर ती मेमरी लीक आहे. नवी रॅम घालून ती फक्त काही दिवस पुढे ढकलली जाते. दुरुस्ती प्रोग्राममध्येच करायला हवी.

एवढं सगळं बघूनही महिनाअखेरीला अव्हेलेबल तळाला जात असेल आणि स्वॅप हलत असेल, तर जरूर घ्या. आधी ‘डीएमआयडीकोड’ चालवून किती स्लॉट मोकळे आहेत, रॅम कुठल्या प्रकारची आहे आणि बोर्ड जास्तीत जास्त किती घेतो हे लिहून घ्या आणि तो कागद घेऊन लॅमिंग्टन रोडला जा. सर्व्हरमध्ये रजिस्टर्ड ईसीसी रॅम (चुका स्वतः दुरुस्त करणारी, सर्व्हरसाठीची रॅम) असेल तर डेस्कटॉपची साधी रॅम तिच्यासोबत चालत नाही, हे दुकानात आधीच सांगा.