लॅपटॉपला प्लग लावलाय, पण बॅटरी भरत नाही?

बॅटरी गेली असं लगेच धरून चालू नकोस. आकडा कुठे अडकलाय ते आधी बघ. ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबला असेल तर बहुतेक बिघाड नाहीच. बॅटरीचं आयुष्य वाढावं म्हणून कंपनीच्या अ‍ॅपमध्ये किंवा बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) मर्यादा घातलेली असते, ती काढ. मी स्वतः यात एक अख्खा रविवार घालवलाय, हसू नकोस.

शून्यावरच अडकला असेल तर चार्जर तपास. ६५ वॉटच्या लॅपटॉपला ४५ वॉटचा अ‍ॅडॅप्टर लावला की मशीन चालतं, पण बॅटरीच्या वाट्याला कधीकधी काहीच उरत नाही. टाइप-सी असेल तर केबलही बदलून बघ, फोनची पुरेलच असं नाही. गोल पिनच्या काही चार्जरमध्ये मधोमध सुईसारखी बारीक पिन असते. लॅपटॉप तिच्यावरून अ‍ॅडॅप्टर ओळखतो. ती वाकली किंवा तिची तार आत तुटली, की लॅपटॉप चालू राहतो आणि चार्जिंग बंद! टॉर्च मारून बघ.

तरीही नाही? बंद कर, चार्जर काढ, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धर, मग पुन्हा लाव. पुष्कळदा एवढ्यावर काम होतं.

मात्र टचपॅड वर उचललेला किंवा तळ फुगलेला दिसला, तर यातलं काहीच करू नकोस. बॅटरी फुगलीये. चार्जर काढ, लॅपटॉप बंद कर आणि थेट दुरुस्तीला दे.