हाळीच्या बाजारातून परभणीला गोऱ्हे नेताना पिकअपमध्ये चार जनावरं भरली तर चालतील का?

नका भरू. हाळी-हंडरगुळीला देवणी गोऱ्ह्यांची जोडी घेतली, आता गाडीवाला म्हणतोय आणखी दोन जनावरं घेऊ, भाडं निम्म्यावर येईल, असं तुम्ही लिहिलंय. त्याचा हिशेब डिझेलचा आहे. १९७८च्या प्राणी वाहतूक नियमांत एका मोठ्या जनावराला किमान दोन चौरस मीटर जागा सांगितलीय, म्हणजे साडेएकवीस चौरस फूट. पिकअपचा हौदा साधारण आठ बाय साडेपाच फुटांचा. त्यात दोनच मावतात. ‘सहापर्यंत चालतात’ असं तो म्हणेल. सहा ही मोठ्या ट्रकचीसुद्धा कमाल मर्यादा आहे.

मला तर जागेपेक्षा पायाखालची काळजी जास्त वाटते. पत्र्यावर शेण-मूत पडलं की खूर टिकत नाही, आणि चालत्या गाडीत जनावर शक्यतो बसत नाही, तोल सांभाळत उभंच राहतं. गंगाखेडच्या अलीकडे एक करकचून ब्रेक लागला की गुडघे सोललेच. दाटीत पडलेल्याला तर उठताच येत नाही, बाकीची त्याला तुडवतात. खाली काथ्याची चटई किंवा फळ्या टाका, नियमातही तेच आहे. नाहीच मिळालं तर पोती अंथरून वर पाचटाचा जाड थर. तोंड इंजिनाकडे. दावं म्होरकीला बांधा, वेसणीला नको. हिसका बसला तर नाक फाटतं.

शेपूट पिरगाळून जनावर चढवणारे बाजारात हजरच असतात. त्यांना लांब ठेवा. फाळका टेकेल असा उंचवटा बघून गाडी लावा. उतरवतानाही तसंच, उडी मारायला लावू नका.

उन्हाळ्यात पहाटेच निघा, वाटेत चहाला थांबलात तर गाडी सावलीत. पोचल्यावर आधी पाणी, जरा वेळाने कडबा.

पशुवैद्यकाचा दाखला, बाजाराची पावती आणि कानात बारा अंकी बिल्ला, एवढं हवंच. २०१५पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे गाडी अडवून विचारतात. कागद बघणारे पुष्कळ. हौद्यात खाली काय अंथरलंय ते वाकून बघणारा मला अजून भेटलेला नाही.

भाडं जड जात असेल तर परभणीकडचा दुसरा घेणारा बाजारातच शोधा आणि दोघांत मिळून सतरा फुटी टेम्पो करा. त्यात चार रीतसर उभी राहतात.