कोकणातून आठ इंची दुर्बिणीने गॅमा किरण स्फोटाचा मावळता प्रकाश दिसेल का?

आपण विचारले आहे की, गॅमा किरण स्फोटामागून, म्हणजे दूरच्या दीर्घिकेतून अचानक येणाऱ्या गॅमा किरणांच्या क्षणिक लोटामागून, रेंगाळणारा दृश्य प्रकाश, म्हणजे आफ्टरग्लो, कोकणातल्या घरून आठ इंची दुर्बिणीने दिसेल का, आणि तो मुळात येतो कशातून. निदान एकदा तरी दिसला असता, असे मी छातीठोकपणे सांगतो. आणि या 'असता'पायी माझे मावसभावाशी गेली वीसहून अधिक वर्षे वाजलेले आहे.

29 मार्च 2003, शनिवार. पाडवा चार दिवसांवर होता, त्यामुळे चंद्राचा अडथळा नव्हता. देवगडच्या घरी खळ्यात दुर्बीण लावून मी वाडीतल्या मुलांना कर्केतला गुरू दाखवत होतो. त्याच संध्याकाळी, आपल्याकडे 5 वाजून 7 मिनिटे झाली असताना, हेटे-2 उपग्रहाने शेजारच्या सिंह राशीत एक स्फोट टिपला होता. दीड तासाने त्याच्या दृश्य प्रकाशाची प्रत (तेजाचे माप; आकडा मोठा तितका प्रकाश मंद) 12.6 होती. पुण्याच्या मावसभावाला हे त्याच रात्री ईमेलने कळले. आमचा लँडलाइन चालू असूनही त्याने फोन केला तो मंगळवारी, म्हणजे सगळे विझत आल्यावर. वर म्हणाला, "तुझ्या दुर्बिणीतून काय दिसणार होतं? शिवाय किनाऱ्यावरची दमट हवा!"

आता हिशेब पाहा. सुरुवातीच्या तासांत काळ दुप्पट झाला की हा प्रकाश साधारण निम्मा होतो. म्हणजे आठच्या सुमारास तो सव्वातेराव्या प्रतीच्या घरात असणार, आणि अमावास्येच्या आगेमागे माझ्या दुर्बिणीतून साडेतेरापर्यंतचे तारे मी नकाशाशी पडताळून पाहिलेले आहेत. दमटपणाचे म्हणाल, तर त्या रात्रीची माझ्या वहीतली नोंद अशी आहे: 'गुरू. खारा वारा लवकर पडला. मतलई सुटली, आकाश स्वच्छ.'

उगमाविषयी थोडक्यात सांगतो. प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ पोहोचलेला, स्फोटातून निघालेला द्रव्याचा झोत भोवतालच्या विरळ वायूवर आदळतो, तिथले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेत प्रकाश टाकतात, आणि झोत मंदावत जातो तसा तो प्रकाश मावळतो. लांबलेले स्फोट प्रचंड ताऱ्याचा गाभा कोसळून होतात. या 29 मार्चच्या स्फोटाच्या प्रकाशातच एप्रिलमध्ये एसएन 2003डीएच या अतिनवताऱ्याचा (सुपरनोव्हा, म्हणजे फुटणाऱ्या ताऱ्याचा) वर्णपट उमटला आणि ते नाते पक्के झाले. दोन सेकंदांहून छोटे स्फोट न्यूट्रॉन ताऱ्यांच्या, म्हणजे मृत ताऱ्यांच्या अतिघन गाभ्यांच्या, टकरीतून होतात, हे 17 ऑगस्ट 2017 रोजी एनजीसी 4993 या दीर्घिकेत दिसले. तेव्हा कोकणात श्रावण होता. आमच्या आकाशाविषयी न बोललेलेच बरे.

मात्र ही दोन सेकंदांची रेघ पक्की मानू नये: 11 डिसेंबर 2021 चा स्फोट मिनिटभर लांबूनही टकरीच्या खुणा दाखवून गेला. शिवाय 2003 चा स्फोट जेमतेम 200 कोटी प्रकाशवर्षांवरचा, म्हणून इतका ठळक होता. एरवीचे आफ्टरग्लो त्याच्या शंभर पटींनी मंद असतात, आणि त्यांच्यासाठी आठ इंची दुर्बिणीला कॅमेरा जोडावाच लागतो. अशा स्फोटांची खबर देणाऱ्या नासाच्या जीसीएन यंत्रणेच्या सूचना विनामूल्य मिळतात. त्या थेट स्वतःच्या फोनवर घ्या, नातेवाइकांमार्फत नको.