पहिली-दुसरीच्या मुलांना हिवाळ्याची कोणती चित्रं रंगवायला द्यावीत? मुंबईच्या शाळेत स्नोमॅन चालेल का?

स्नोमॅन नको. का ते सांगते.

तुम्ही लिहिलंय की नेटवर स्नोमॅन, हातमोजे, बर्फाच्या चांदण्या अशी चित्रं तयार मिळतात, ती द्यावीत का आणि किती वेळ द्यावा. मी लालबाग-परळ भागातल्या एका मराठी शाळेत पहिलीला 26 वर्षं शिकवलं आणि याच स्नोमॅनवरून माझं एकदा चांगलंच वाजलेलं आहे.

2004 चा डिसेंबर. आमच्या पर्यवेक्षिकाबाईंनी कुठल्याशा इंग्रजी पुस्तकातून चित्र आणलं. टोपी, मफलर, गाजराचं नाक. वर्गात 54 मुलं, म्हणून 54 झेरॉक्स. आता हे ध्यान मुळात पांढरं आणि कागदही पांढरा, मग रंगवायचं काय? टोपी, मफलर, नाक. पाच मिनिटांत काम संपलं आणि उरलेला तास माझ्या वर्गाची मंडई. मग ज्याच्या हाताला जो रंग लागेल त्याने तो भरला. एकाने आख्खा पिवळा केला होता. विचारलं तर म्हणतो, "बाई, त्याला हळद लागलीय."

तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा मात्र मान वर न करता रगडत होता. त्याने पेटीतला पांढरा खडू घेतला होता. बारा रंगांच्या पेटीत वर्ष संपलं तरी पांढरा खडू नवाकोरा राहतो, हे तुम्ही पाहिलं असेलच. याने तो निम्मा झिजवला. बोटांची पेरं लाल झालेली, कागद मागून फुगलेला. समोरून पाहिलं तर टोपी-मफलर सोडून काहीच नाही. खिडकीकडे तिरका धरला की मेण चमकायचं. सगळं रेषेच्या आत, एकही रेघ बाहेर नाही.

कागद तपासून आले. याच्यावर लाल शेरा: अपूर्ण.

मी तडक बाईंकडे गेले. म्हटलं, अख्ख्या वर्गात बर्फ फक्त यानेच रंगवलाय. त्या म्हणाल्या, "जे दिसत नाही त्याला बरोबर कसं म्हणू?" मी वाटीत पाणी घेतलं, त्यात निळ्या शाईचे चार थेंब टाकले आणि त्यांच्या टेबलावरच कागदावर ब्रश फिरवला. मेणावर पाणी ठरत नाही. भोवती निळं झालं आणि मधून पांढरा गडी उठून आला, पोराच्या हाताच्या सगळ्या रेघांसकट. बाई म्हणाल्या, "हे तुम्ही केलंत, त्याने नाही." शेरा तसाच राहिला. त्या चूक होत्या, असं मी आजही म्हणेन. सगळ्या स्टाफसमोर त्यांच्या टेबलावर शाई ओघळवणारी मीही फार शहाणी नव्हते म्हणा.

असो, तुमचा प्रश्न. मुंबईत हिवाळा नसतोच, हे आधी डोक्यातून काढा. 22 जानेवारी 1962 ला सांताक्रूझला पारा 7.4 अंशांवर उतरला होता. तसं पुन्हा झालं नाही, पण सोळा-सतरा झालं तरी लोकलमध्ये माकडटोप्या दिसतात की नाही? मग माकडटोपीच द्या रंगवायला. मरीन ड्राइव्हला येणारे सीगल द्या. शिवडीच्या खाडीतले फ्लेमिंगो द्या, पण थव्यात एखादं लहान पाखरू राखाडी रंगवायला सांगा. ती जन्मतः गुलाबी नसतात, खाण्यातल्या शेवाळामुळे रंग चढत जातो. मुलांना हे फार आवडतं, आणि एकच गुलाबी खडू फिरवत बसण्यापेक्षा बरं.

सगळ्यात भारी संक्रांत. काळा कार्डपेपर घ्या, त्यावर खडूने हलव्याचे दागिने ठिपक्याठिपक्यांनी काढायला लावा. हार, बाजूबंद, मुकुट. पेटीतला पांढरा खडू एकदाचा कामाला येतो.

वेळ वीस मिनिटं, फार तर पंचवीस. त्यापुढे बोटं दमतात आणि मग नुसतं गिरबटणं होतं. खडू मोडले तर मोडू द्या. छोटा तुकडा मुठीत धरता येत नाही, तीन बोटांतच धरावा लागतो, आणि पेन्सिलीला तीच पकड लागते. पालक लगेच नवी पेटी आणून देतात, त्यांना एकदा समजावून सांगा. आणि शेरा मारायच्या आधी मुलाला विचारा की बाळा, काय काढलंयस. लाल पेन तर वर्गात नेऊच नका.

आयत्या चित्रांना माझा सरसकट विरोध आहे असं समजू नका. शेजारच्या बाई रजेवर आणि त्यांची तुकडीही आपल्याच गळ्यात, अशा दिवशी मीही झेरॉक्स वाटलेत. स्नोमॅन हवाच असेल तर पांढऱ्या खडूने रंगवून घ्या आणि वरून शाईचं पाणी मुलांनाच फिरवू द्या, म्हणजे कुणी म्हणायला नको की हे बाईंनी केलं. वाटीभर पाण्याला चार-पाच थेंब पुरेत. खाली वर्तमानपत्र घाला, नाहीतर दुसऱ्या दिवशी गणवेश हातात घेऊन आया दारात उभ्या.