बारावीनंतर कुठे?

अगो, मैत्रिणी पुण्याला निघाल्या म्हणून तूही निघू नकोस. कॉलेज रील बघून ठरवायचं नसतं. तुला समुद्राची एवढी ओढ, तर रत्नागिरीजवळच्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आधी बघून ये. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं आहे ते, पदवी चार वर्षांची. तिथल्या मुलींशी बोल, त्या खरं सांगतील. इन्स्टा खुशाल वापर, फक्त मार्कशीट नि आधारचे फोटो स्टोरीला टाकू नकोस. प्रवेशाच्या तारखा अधिकृत संकेतस्थळावरच बघ, ग्रुपवरच्या फॉरवर्डवर विसंबू नकोस. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढ. निकालानंतर सेतूत गर्दी उसळते. आणि हो, १८ पूर्ण झाली ना तुला? मतदार नोंदणीचा फॉर्म ६ भर, आईचंही नाव यादीत तपासून घे.